नर्सबाई ‘जातो’ म्हणतात

तक्रार आली ती शाळेच्या वहीतून फाडलेल्या कागदावर, आणि तिच्यात सगळं मिळून एकच वाक्य होतं. ‘घरी येणाऱ्या नर्सबाई कामाला चांगल्या आहेत, परंतु आमच्या आजारी वडिलांच्या खाटेपाशी उभ्या राहून त्या निघताना “जातो” असे म्हणतात, तरी त्यांना समज द्यावी ही विनंती.’ खाली सही होती गजेंद्र महादेवराव ढोकणे, मुक्काम उमरवाडी.

डॉक्टर करिष्मांनी कागद दोनदा वाचला आणि हसू दाबत टेबलावरून पुढे सरकवला. संग्रामपुरात येऊन त्यांना वर्षच झालं होतं, पण मराठी मुलखातली बाई, त्यांना अर्थ सांगायची गरज नव्हती. “धम्मशीलाताई, तेवढं ‘येतो’ म्हणा ना. आपलं काय जातं?”

धम्मशीला तायडेनं कागदाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली आणि “बरं” म्हणाली. आपलं काय जातं, हे सांगायला बसली असती तर डॉक्टरीणबाईंची ओपीडी बुडाली असती.

आता हे खरंच आहे की आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो आणि जातो, राहणारा ‘या’ म्हणतो आणि दार लोटून घेतो. यात कुणी कुणाला फसवत नाही. आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली तरी ती वाढली म्हणतो. ‘जातो’ हा शब्द आपण एकाच जाण्यासाठी राखून ठेवला आहे, आणि ते जाणाराही तो तोंडाने म्हणत नाही. वऱ्हाडात तर बाईमाणूसही ‘येते’ न म्हणता ‘येतो’च म्हणते. अशा मुलखात, महिन्या-दोन महिन्यांचा सोबती असलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी उभं राहून नर्सबाईनं ‘जातो’ म्हणावं, म्हणजे गजेंद्रनं कागद लिहिला यात त्याचं काय चुकलं? दुसरा कुणी तर काठी घेऊन आला असता.

आणि गंमत अशी की धम्मशीलाची सगळ्या तालुक्यात ओळखच ‘घरी येणारी बाई’ अशी होती. दवाखान्याच्या कागदावर तिच्या कामाचं नाव ‘उपशामक सेवा’. ते खुद्द दवाखान्यातल्या कारकुनालाही एका दमात म्हणता यायचं नाही. काम मात्र सोपं सांगता येण्यासारखं होतं. ज्या दुखण्याला आता औषध नाही, त्या माणसाच्या घरी जायचं. जखम धुवायची, दुखणं दाबायच्या गोळ्या द्यायच्या, कोरडं पडलेलं तोंड ओल्या कापसानं पुसायचं, आणि मग घरच्यांपाशी बसायचं. बावीस वर्षांच्या नोकरीतली शेवटची सहा वर्षं ती हेच करत होती. स्कूटरच्या पुढ्यात डबा, डब्यात सामान, आणि सामानाखाली तो चार पानी फॉर्म.

त्या फॉर्मात तिसऱ्या पानावर एक रकाना होता: ‘आध्यात्मिक गरज: आहे / नाही’. ज्यानं कुणी तो छापला, त्याला वाटलं असावं की मरणाऱ्या माणसाला हे असं विचारलं की तो ‘आहे’ म्हणून खूण करील आणि गंगाजल मागील. धम्मशीला ते ‘आहे / नाही’ खोडून टाकायची. “बाबा, मनात काही राह्यलं का?” एवढंच विचारायची आणि गप्प बसायची. कुणी म्हणायचं, वावरातलं निंबाचं झाड एकदा पाह्यचं हाये. कुणी म्हणायचं, भाऊ बारा वर्षं झाली बोलत नाही, त्यानं या घरचं घोटभर पाणी प्यावं. एका आजीला मोसंबी पाहिजे होती. धम्मशीलानं रकान्यात तेच लिहिलं: मोसंबी. जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “मोसंबी ही आध्यात्मिक गरज कशी काय?” ती म्हणाली, “साहेब, त्या बाईले खाताना तुमी पाह्यलं असतं, तं इचारलं नसतं.”

ती बौद्ध घरची. तिच्या स्वतःच्या घरात बुद्धाची मूर्ती, रविवारी विहार. पण एखाद्या म्हातारीनं म्हटलं, बाई, माह्या देवापाशी तेवढा दिवा लाव, माहा हात पुरत नाही, तर ती हात धुऊन लावायची. यात आपलं काही बाटतं असं तिला कधी वाटलं नाही. ज्याचा त्याला दिवा, आपल्याला काडी ओढायचं काम.

अशी ही बाई. दुसऱ्याच्या मनातलं राहिलेलं काढून देण्यात तिचा हातखंडा. तिच्या स्वतःच्या मनात काय राहिलं होतं, ते मात्र दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

तिची माय, रुख्मिणी, वडनेर भोलजीला एकटी राहायची. धम्मशीलाचा बाप लवकर गेला. मायनं लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून हिला नर्स केलं. नोकरी लागल्यावर धम्मशीलानं किती वेळा म्हटलं, माह्याकडं राह्यला ये, मायचं एकच, “मी तिकडं आली तं तू माहेराले कोठी येशील?” मग फोन. दर दोन दिवसाला सकाळी दहाच्या सुमारास मायचा फोन यायचा आणि ती ‘हॅलो’ म्हणायचीच नाही. “धम्मा व्हय का?” असंच विचारायची, जसं काही धम्माच्या फोनवर दुसरंच कुणी बोलणार होतं. अजूनही सकाळी दहाला धम्मशीलाचा हात पर्सकडे जातो. फोन वाजतो, पण तो दवाखान्याचा असतो, नाहीतर कुण्या पेशंटच्या सुनेचा. ‘धम्मा व्हय का’ असं आता जगात कुणीच विचारत नाही. या एका वाक्यासाठी तिचा जीव इतका तुटतो की कधीकधी रस्त्याच्या कडेला स्कूटर उभी करून ती स्वतःच हलक्या आवाजात तसं म्हणून पाहते. पण आपल्याच तोंडानं विचारलेलं कानाला पुरत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी, गुरुवार. धम्मशीला टुणकीला एका पेशंटच्या घरी होती. माणूस तळमळत होता, घरचे रडत होते, ती गोळीचा हिशेब डॉक्टरांना विचारत होती, आणि मध्येच मायचा फोन. “धम्मा व्हय का? जिवाले जरासं बरं नाही वाटून राह्यलं वं.” धम्मशीलानं लेकीसारखं काही विचारलंच नाही. नर्ससारखं विचारलं. छातीत दुखते का? दम लागते का? सकाळची गोळी घेतली का? माय सगळ्याला नाही, नाही, हाव म्हणाली. फक्त करमत नाही म्हणाली. धम्मशीला म्हणाली, “बरं, गोळी चुकवू नको. येतो मी.” आणि फोन बंद केला.

फोनवर आपण ‘ठेवतो’ म्हणतो. ‘येतो’ म्हणायचं ते दारातून. पण रोज पाच घरांमधून उठताना पाच वेळा ‘येतो’ म्हणणाऱ्या बाईच्या जिभेला सवय पडली होती. बोलणं संपलं की शब्द आपोआप बाहेर. तिनं नुसता निरोप घेतला होता. रविवारी जायचा तिचा विचार होता.

दुपारी साडेतीनला शेजारच्या सिंधूताईंचा फोन आला, की तुही माय गेली.

ती पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. माय पांढरं लुगडं नेसून निजलेली, विहारात जाताना नेसायची ते. केस विंचरलेले. आणि चुलीपाशी ताटात कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, दोन भाकरी, वर दुसरं ताट झाकलेलं, बाजूला मिरचीचा ठेचा. धम्मशीलानं विचारलं, “मावशी, ह्या कोनाच्या भाकरी?” सिंधूताई पटकन म्हणाल्या, “माह्या. मी केल्या होत्या मले.” पुढे पुण्यानुमोदनाच्या दिवसापर्यंत, आणि नंतरही जेव्हा जेव्हा धम्मशीलानं विचारलं, “मावशी, मायनं जाताना काही म्हटलं का?” तेव्हा त्या डोळे चुकवून म्हणायच्या, “नाही वं. काही नाही.”

पण सिंधूताई कळण्याची भाकर खात नाहीत. त्यांना वात होतो. सगळ्या आळीला ठाऊक आहे.

तेव्हापासून धम्मशीलाच्या मनात एकच काटा रुतून बसला. मायनं माझं ‘येतो’ कसं ऐकलं? निरोप म्हणून ऐकलं, की येते म्हणून ऐकलं? पोरगी येणार म्हणून ती लुगडं बदलून, भाकर टाकून, दाराकडे डोळे लावून बसली होती का? रजा संपवून ती पहिल्या घरी गेली, काम आटपलं, उठली, तोंड उघडलं आणि ‘येतो’ काही निघेना. निघालं ते ‘जातो’. मग तेच निघत राहिलं. लोक आपसात कुजबुजले. कागदावर आणलं ते पहिल्यांदा गजेंद्रनं.

कुणाला सांगावं? नवरा अश्वजित एसटीच्या डेपोत मेकॅनिक, भला माणूस. ही रडताना दिसली की तो चहा करून आणायचा. चहा संपला की त्याच्यापुरता विषय संपायचा, आणि कपबशी तोच विसळायचा, त्यामुळे त्याच्यावर रागावताही यायचं नाही. मध्ये बुलढाण्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, ‘काळजी घेणाऱ्यांची काळजी’. पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. त्यांनी प्रत्येकीला पुठ्ठ्याचं एकेक हिरवं पान कापून दिलं आणि म्हणाल्या, मनात साचलेलं यावर लिहा, आपण सगळी पानं भिंतीवरच्या झाडाला लावू. म्हणजे मनातलं लिहायचं आणि साहेब लोकांनी ते चहा पीत वाचायचं. धम्मशीलानं लिहिलं, ‘सर्व ठीक’. पुढे पाहते तो झाडाला अठ्ठावीस पानं, आणि वीसेक पानांवर ‘सर्व ठीक’. मॅडम म्हणाल्या, किती छान.

तर तक्रारीनंतरच्या बुधवारी ती उमरवाडीला गेली.

महादेवराव ढोकणे चौऱ्याहत्तर वर्षांचे. खारपाणपट्ट्यातला माणूस, जन्मभर विहिरीचं खारं पाणी पिऊन किडन्या बसल्या. डायलिसिस चार महिने केलं आणि मग म्हणाले, “हप्त्यातून दोनदा गाडीत बसून मरन्यापक्षा मी माह्या खाटेवर मरतो.” वावर होतं, पण गावात त्यांचं नाव होतं ते सोयरिकींसाठी. चाळीस वर्षांत त्यांनी किती लग्नं जमवली याची मोजदाद नाही. शब्दाचा जाणकार माणूस. पोरीचा बाप ‘पाहू’ म्हणाला म्हणजे ‘नाही’, आणि ‘बसा, पानी तं घ्या’ म्हणाला म्हणजे ‘हो’, हे ते दाराबाहेरच्या चपला पाहून ओळखायचे असं लोक म्हणत.

गजेंद्र ओशाळून दारात उभा होता. “मॅडम, रागावू नका. मी तं नुसतं समज द्या म्हनलं.”

“बरोबर केलं तुमी, भाऊ,” धम्मशीला म्हणाली आणि कामाला लागली. ब्लडप्रेशर पाहिलं. अंगाला खाज सुटायची, म्हणून खोबरेल तेल लावलं. ओठ ओले केले. मग डबा बंद करून उठली आणि तशीच उभी राहिली. एक शब्द निघत नव्हता, दुसरा काढायचा नव्हता.

महादेवरावांनी डोळे उघडले. “गजेंद्रा, बाईसाठी चहा सांग. अन् चहा होयेपरेंत तिकडंच थांब.” तो गेल्यावर ते म्हणाले, “पोरानं चिठ्ठी लिहिली तुह्यावर. मी नोको म्हनलं होतं.”

“चूक माहीच हाये, बाबा.”

“चूक नाही इचारली मी तुले.” म्हाताऱ्यानं दम घेतला. “कोन गेलं, ते इचारून राह्यलो.”

चारशे घरांत तिनं हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडानं विचारला होता. तिला कुणी विचारला नव्हता. आणि नियम तर असा, की आपलं दुःख पेशंटच्या खाटेवर ठेवायचं नाही. तो आधीच त्याच्या ओझ्याखाली असतो. हे ती नव्या पोरींना शिकवत असे. नियम चांगला आहे, यात वाद नाही. पण ती तिपाई ओढून बसली आणि सगळं बोलली. फोन, छातीत दुखते का, येतो मी, पांढरं लुगडं, झाकलेल्या भाकरी. बोलताना रडली. आपण एका मरणाऱ्या माणसापुढे रडतोय याची तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त हलकं वाटलं.

महादेवराव डोळे मिटून ऐकत होते. सोयरीक ऐकायचे तसेच ऐकत असतील.

“म्हनजे मायनं वाट पाह्यली का नाही, हेच तुले पाह्यजे ना?”

“हाव.”

“मंग माह्यापाशी काऊन रडतं? जिले ठाऊक हाये तिले इचार.”

“इचारलं, बाबा. काही म्हटलं का मायनं, असं दहा खेप इचारलं. नाही म्हनते.”

“असं इचारलं तं नाहीच म्हनन ना मानूस. हो का नाही इचारलं की मानूस नाही म्हनते, त्यात सुटका असते. पोरीच्या बापाले मी कवाच नाही इचारलं, का पोरगी देता का. मी इचारो, लग्न तुमच्या दारी लावाचं का आमच्या.” त्यांना धाप लागली. तिनं पाठीला हात दिला. जरा वेळानं ते म्हणाले, “काही म्हनली का, हे नोको इचारू. भाकर कोनासाठी होती, हे इचार. शनिवारपरेंत मी हावो. जाऊन ये.”

फॉर्मातला ‘आहे / नाही’ खोडून टाकणारी बाई! आणि स्वतःच्या मायबद्दल विचारताना मात्र दोन वर्षं ती तेच ‘आहे का, नाही का’ विचारत राहिली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गुरुवारी तिनं रजा टाकली आणि वडनेरला गेली. सिंधूताई ओसरीवर तुरीची डाळ पाखडत बसल्या होत्या. साठी उलटलेली बाई, मायची चाळीस वर्षांची शेजारीण. वावरात निंदताना दोघी एकाच तासावर, एका ओळीत असायच्या. धम्मशीला जवळ बसली, सूप आपल्याकडे ओढून घेतलं आणि डाळीतला खडा काढत विचारलं, “मावशी, त्या दिवशी भाकर कोनासाठी टाकली होती?”

सिंधूताईंचे हात थांबले.

“तू कळना खात नाही, मावशी. तुले वात होते.”

मग सिंधूताई डाळीकडे पाहतच म्हणाल्या, “तुह्यासाठीच वं. आनखीन कोनासाठी?”

आणि बोलायला लागल्या त्या दोन वर्षांचं तुंबलेलं बोलल्या. “तुहा फोन झाला अन् माय माह्या दारात. धम्मा येते म्हने. मी म्हनलं, अवं तिची ड्युटी असन आज. तं माह्यावरच रागावली. माह्या पोरीनं येतो म्हनलं म्हनजे ते येते. न्हानी, धुतलेलं लुगडं नेसली. मले म्हने केस इंचरून दे. दोन दिवस पोटात अन्न नाही, पन बसल्या बसल्या भाकरी थापल्या. अन् दार लावू देईना. थंडी आत ये, पन दार उघडं.”

धम्मशीला ऐकत होती. ज्याची भीती होती तेच हे. मायनं वाट पाहिली. दहापासून पाहिली.

“दोन-अडीचले छातीत धरलं तिच्या. मी आटोवाल्याले सांगाले चौकात पयाली. परत आली अन् दारात पाय ठेवला, तं माय खाटेवरून म्हने, आली का वं? मी म्हनलं, आलो.” सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. “सिंधू आलो, असं म्हनाले पाह्यजे होतं मी. नुसतं आलो म्हनलं. दाराकडून ऊन होतं, तिले तोंड नाही दिसलं असन. तिनं माहा हात धरला अन् म्हने, धम्मा. मंग मले कळलं. अन् मी हूं म्हनलं, बाई. दुसरं काय म्हनू? तिच्या तोंडावर असं बरं वाटलं होतं...”

“मंग?”

“मंग म्हने, भाकर खाय. मी हूं म्हनलं. मंग जरा दम खाल्ला अन् माह्याकडं पाहून म्हने, येतो बरं मी.”

धम्मशीलानं सूप खाली ठेवलं.

“अन् तू?”

“मी काहीच नाही म्हनलं,” सिंधूताई म्हणाल्या, आणि आता त्या उघड रडत होत्या. “आलो म्हनलं, हूं म्हनलं, इथपरेंत लबाडी केली. पन येतो म्हननाऱ्या मायले ‘ये’ म्हनाव ते लेकीनं. मी कसं म्हनू? माहं तोंडच नाही उघडलं. तिनं वाट पाह्यली वं थोडी, कोनी म्हनन म्हनून. मंग गेली. तुले कोन्या तोंडानं सांगू? तुह्या जागेवर बसली, अन् बसूनही तिले बिना निरोपाचं धाडलं.”

धम्मशीलाला वाटलं होतं, हे कळलं की आपण कोसळून पडू, नाहीतर मोकळ्या होऊ. दोन्ही झालं नाही. दहा ते अडीच, साडेचार तास माय दाराकडे पाहत होती, हे दुखलं आणि दुखतच राहिलं. पण शेवटी दारात कुणीतरी ‘आलो’ म्हणालं होतं. लेक आली, हे धरून माय गेली होती. शिकवणीत सांगतात, पेशंटशी कधी खोटं बोलू नये. बरोबरच सांगतात. तरी धम्मशीलानं समोरच्या बाईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “मावशी, तू हूं म्हनलं ते लय बरं केलं.” तीही बाई दोन वर्षं एकटीच झुरत होती. तिलाही कुणी विचारलं नव्हतं.

दुपारी सिंधूताईंनी चूल पेटवली आणि कळण्याच्या दोन भाकरी टाकल्या. धम्मशीलानं दोन्ही खाल्ल्या, ठेच्यानं डोळ्यात पाणी आलं तरी खाल्ल्या. मग मायच्या बंद घराच्या उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. ‘ये’ म्हणायला तोंड उघडलं. कुणाला म्हणायचं? विहारात ती लहानपणापासून ऐकत आली होती, माणूस गेला की परत येणारा आत्मा-बित्मा काही नाही. ते तिला पटलेलं होतं, आजही पटत होतं. कुलपाला ‘ये’ म्हणणं तिला जमलं नाही. ते ज्याच्या त्याला म्हणायचं असतं, जाणारा समोर असताना. ती वेळ गेली होती. इतकी मायची आठवण तिला मयतीच्या दिवशीही आली नव्हती.

शनिवारी ती उमरवाडीला पोचली तेव्हा अकरा वाजले होते. महादेवराव उतरले होते. चेहरा सुजलेला, शब्द सुटे सुटे. गजेंद्र पायथ्याशी बसून होता. तिनं नाडी पाहिली आणि तिला जे कळायचं ते कळलं. ओठ ओले केले.

“इचारलं?” म्हातारा म्हणाला.

“इचारलं, बाबा.”

“कोनासाठी होती?”

“माह्यासाठी.”

महादेवरावांनी मान हलवली. एखादं अवघड लग्न जमल्यावर हलवत असतील तशी. मग डोळे मिटले. ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. गजेंद्रला हळू आवाजात सांगितलं, आज कुठं जाऊ नका, बहिणीला बोलावून घ्या. मग डबा उचलला आणि निरोप घ्यायला खाटेपाशी आली. आज ‘येतो’ म्हणायचं तिनं ठरवलं होतं. तोंडात शब्द जुळवूनच आली होती.

पण तिच्या आधी म्हातारा बोलला. डोळे उघडून, तिच्याकडे नीट पाहून बोलला. “बाई, येतो मी.”

“बाबा, तुमी कोठी चालले?” गजेंद्र पुढे झाला. “तुमी नाही, बाई चालल्या. ते भ्रमात बोलून राह्यले, मॅडम.”

धम्मशीलानं डबा खाली ठेवला. महादेवराव भ्रमात नव्हते. ते वाट पाहत होते. तिनं त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, “या, बाबा.”

म्हाताऱ्याच्या कपाळावरची आठी गेली. तिनं हात सोडला नाही. जरा थांबून, खाली वाकून, ती पुन्हा एकदा अगदी हळू म्हणाली, “ये.”

वडिलांएवढ्या माणसाला नर्सबाईंनी एकाएकी अरेतुरे कसं केलं, ते गजेंद्रला कळलं नाही. पण त्याबद्दल त्यानं काही तक्रार केली नाही.